सोंगदालच्या चढासाठी चार टायर

सोग्विपोत जानेवारीतही अंगणातल्या झाडांवर संत्री लटकत असतात. बर्फ पडलाच तर जमिनीला टेकेपर्यंत त्याचं पाणी होतं, संत्री धुऊन निघतात आणि काम संपतं. अशा गावात ट्रकला हिवाळी टायर घालणारा माणूस एकतर नवश्रीमंत असतो नाहीतर बिनडोक, असं यांग ब्योंगसिक गेली पाच वर्षं म्हणत आला होता. जेवताना म्हणायचा, ट्रक धुताना म्हणायचा, आणि बायकोने विषय काढला की जरा जास्तच जोरात म्हणायचा.

ब्योंगसिक सहासष्ट वर्षांचा. एक टनाचा निळा ट्रक हीच त्याची इस्टेट, आणि लोकांची बिऱ्हाडं हलवणं हा धंदा. या बेटावर लोक मन मानेल तेव्हा घर बदलत नाहीत. जानेवारी संपता संपता आठेक दिवस येतात, त्यांना शिंगुगान म्हणतात. चुलीचा देव, उंबऱ्याचा देव, अगदी संडासाची देवी, सगळे आपापली वर्षाची कामगिरी आटपून वर निघून जातात, आणि नव्या नेमणुकीचे अजून उतरलेले नसतात. तेवढ्या दिवसांत घर हलवा, भिंत पाडा, खिळा ठोका, रागवायला कुणी जागेवर नसतं. मग सगळं बेट एकदम बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतं, आणि ब्योंगसिकला त्या आठ दिवसांत पाठ टेकायला सवड मिळत नाही. गोम एवढीच, की देव वर जातात त्याच आठवड्यात बर्फ खाली येतो. वर्षातला सगळ्यात थंड आठवडा तोच.

खाली किनाऱ्यावर त्याचं काही बिघडत नाही. पण ब्योंगसिकची थोरली बहीण गिसून राहायची सोंगदालला, म्हणजे डोंगराच्या कमरेवर, सोग्विपोपासून सोळा किलोमीटर चढ चढून. एकोणऐंशी वर्षांची, विधवा, मूलबाळ नाही, घरात एकटी. आई गेली तेव्हा ब्योंगसिक दोन वर्षांचा होता. तेव्हापासून गिसूननेच त्याला पाठीवर बांधून शेतात नेलं, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न तिशीपर्यंत लांबवलं, आणि त्याला गाडी शिकायची हौस आली तेव्हा गोठ्यातला बैल विकून त्याला शहरात पाठवलं. हे सगळं तिने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याला चिडता तरी आलं असतं.

पाच वर्षांपूर्वी त्याने तिला म्हटलं, "अक्का, आता खाली ये. आमच्या अंगणात बाहेरचं घर रिकामंच आहे. तुझी चूल वेगळी, तुझं भांडं वेगळं. कुणाच्या हाताखाली राहायचं नाही."

गिसून म्हणाली, "शिंगुगानात येईन. अधेमधे मी घर हलवणार नाही."

त्या वर्षी त्याने तिचं काम शेवटच्या दिवसावर ठेवलं. गिऱ्हाइकांची कामं आधी, घरचं मागून, हा त्याच्या धंद्याचा शिरस्ता. शेवटच्या दिवशी सकाळी डोंगर पांढरा झाला होता. त्याने फोन केला, "अक्का, रस्ता बंद आहे. पुढच्या वर्षी बघू." ती म्हणाली, "बघू की. घाई कसली आहे?" दुसऱ्या वर्षी असंच झालं. तिसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी बर्फ जेमतेम बोटभर होता, पण त्याने घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन ट्रक वळवला. पाचव्या वर्षी तो तिथवरही गेला नाही.

त्याची बायको ओक्सन दरवर्षी बाहेरच्या घराच्या भिंतींना नवा कागद चिकटवायची, चुलीपाशी पोतेरं फिरवायची, आणि दरवर्षी एकच वाक्य बोलायची.

"अहो, टायर घाला. आपण सोग्विपोत राहतो, वन्सं नाही राहत."

"चारही ऋतूंचे टायर आहेत ते. चारात हिवाळा येत नाही का?"

"येतो ना. तुमच्यासारखा, नुसता नावाला."

मग तो हिशेबाला बसल्यासारखा बोटं मोजायचा. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, त्यातले तीनशे साठ आपण किनाऱ्यावर. हिवाळी टायरचं रबर मऊ, गरम डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. पावसात तर ते आणखी वाईट, ब्रेक मारला की गाडी पुढे पळते. आणि इथे बर्फ किती, पाऊस किती? त्याचं म्हणणं शब्दाशब्दाला बरोबर होतं. टायरच्या धंद्यातला कुठलाही जाणकार त्याच्या बाजूने उभा राहिला असता. ओक्सन उरलेला कागद गुंडाळून माळ्यावर टाकायची.

मग गेल्या नोव्हेंबरात गिसून अंगणात पडली. डाव्या हाताचं मनगट मोडलं. शेजारच्या माणसाने तिला खाली दवाखान्यात आणलं, ब्योंगसिक धावतपळत गेला. प्लास्टर घालताना तरुण डॉक्टरने सहज विचारलं, "आजी, घरी कोण असतं?"

"कुणी नाही," गिसून म्हणाली.

ब्योंगसिक तिच्या शेजारी तिची पिशवी धरून उभा होता. ती हे तोऱ्यात बोलली नव्हती, टोमणाही मारला नव्हता. जेवलात का विचारल्यावर माणूस हो म्हणतो, तशी म्हणाली. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं. तिला वर सोडून परत येताना वाटेत ब्योंगसिकला दोनदा ट्रक थांबवावा लागला. आणखी एक हिवाळा ती तिथे एकटी राहिली तर पुढच्या वेळी उचलायला शेजारीही वेळेवर येणार नाही, हे त्याला त्या दिवशी स्पष्ट दिसलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो टायरच्या दुकानात गेला. दुकानदार को दोह्यन चाळिशीचा, ब्योंगसिकच्या ट्रकला गेली पंधरा वर्षं तोच टायर घालत आला होता.

"चार हिवाळी टायर काढ," ब्योंगसिक म्हणाला.

दोह्यनने हातातला पाना खाली ठेवला. "काका, बरं आहे ना? पाच वर्षं तुम्ही याच खुर्चीत बसून मला शिकवलंत की सोग्विपोत हिवाळी टायर विकणं म्हणजे लोकांना लुबाडणं."

"मग आता लुबाड."

"खरं सांगू? इथे राहणाऱ्याला मी हे घ्या असं म्हणत नाही. वर डोंगरातल्या माणसाला सांगतो, किंवा रोज घाट ओलांडणाऱ्याला. तुम्ही वर्षातून किती वेळा बर्फातून वर जाता?"

"एकदाही नाही."

"मग?"

"एकदा जायचंय."

दोह्यन आत गेला. त्याने टायर आणले, चारही चाकं उतरवली. मागचं शेवटचं चाक आवळताना मात्र त्याला राहवलं नाही. "काका, एक लक्षात ठेवा. तुमचा ट्रक ढकलतो मागच्या चाकांनी, आणि मागे वजन नसेल तर टायर कितीही चांगले असोत, उतारावर बूड वळतं. चढताना वाळूची पोती टाका. उतरताना तर सामान असेलच."

"असेलच," ब्योंगसिक म्हणाला.

शिंगुगान लागलं. टायर घातले म्हणून माणसाची खोड जाते असं नाही. याही वर्षी त्याने गिऱ्हाइकांची कामं आधी लावली आणि गिसूनचा नंबर शेवटच्या दिवशी ठेवला. ओक्सनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं. डिसेंबरातच त्याने बहिणीला फोन करून सांगितलं होतं, "अक्का, या खेपेला नक्की." ती म्हणाली होती, "ये की." टायरचं त्याने मुद्दामच सांगितलं नव्हतं.

सातव्या रात्री वारा फिरला. शेवटच्या दिवशी सकाळी तो तोंड धुवायला अंगणात आला, तर संत्र्यांच्या झाडांमागे अख्खा डोंगर पांढरा उभा होता. आणि त्या वेळी ब्योंगसिकला जे वाटलं ते त्याने आयुष्यात कुणाला सांगितलं नसतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. खांदे सैल झाले, छातीतला श्वास खाली उतरला, आणि हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला. रस्ता बंद आहे अक्का, पुढच्या वर्षी बघू. वाक्य जिभेवर तयारच होतं. फोन कानाला लावता लावता त्याची नजर ट्रकच्या चाकांवर गेली.

ओक्सन दारात उभी होती. "फोन कुणाला?"

"कुणाला नाही. वेळ बघत होतो."

"नऊ वाजलेत," ती म्हणाली. "निघा."

मागे वाळूची सहा पोती टाकून तो निघाला. घाटाच्या तोंडाशी पोलिसांनी अडथळा लावला होता, चारचाक्या माघारी फिरवत होते. एका पोलिसाने वाकून त्याचे टायर पाहिले, हाताने खाचा चाचपल्या, अडथळा बाजूला ओढला आणि म्हणाला, "जा, आजोबा. सावकाश जा."

ब्योंगसिक चढायला लागला. पहिल्या वळणावर त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. चाकांनी बर्फ धरला. दुसऱ्या वळणावरही धरला. तिसऱ्या वळणानंतर त्याच्या लक्षात आलं की आपण घाबरलेले नाही, आणि मग त्याला एक वेगळीच धास्ती वाटली. हे सोपं होतं. रस्त्याच्या कडेच्या काळ्या दगडी भिंतींवर बर्फाची टोपी होती, मधून मधून पाइनची झाडं वाकली होती, आणि ट्रक गुरगुरत वर चालला होता. पाच वर्षं ज्या रस्त्याला तो बंद म्हणत होता तो त्याने चाळीस मिनिटांत पार केला. सोंगदालच्या पहिल्या घराजवळ आल्यावर त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

गिसूनच्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता. ट्रकचा आवाज ऐकून ती बाहेर आली नाही. तो बूट काढून आत शिरला, तर ती चुलीपाशी बसून सोयाबीन निवडत होती. खोलीत रोजच्यासारखं सगळं जागच्या जागी. गोधड्या घडी करून कपाटात, मडकी फळीवर, कपडे खुंटीला. एकही खोका नाही, एकही दोरी नाही.

"अक्का, सामान?"

गिसूनने मान वर केली. क्षणभर तिने त्याला ओळखलं नाही की काय असं त्याला वाटलं. "तू कसा आलास? आज तर बसही नाही आली."

"ट्रकने आलो."

"ट्रकने?" ती उठली, मोडलेला हात पोटाशी धरून बाहेर आली. अंगणात ट्रकपासून फाटकापर्यंत चाकांचे दोन स्वच्छ पट्टे उमटले होते. ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली, आणि चांगल्या हाताच्या बोटाने रबराच्या खाचांमधला बर्फ खरवडून काढला. "याला दात लावलेत वाटतं?"

"हिवाळी टायर आहेत."

"असं?" गिसून त्याचाच आवाज काढून म्हणाली, "'अगं अक्का, सोग्विपोत संत्री पिकतात, तिथे कसले हिवाळी टायर? बिनडोक माणसाचे चाळे.' फोनवर तूच सांगायचास ना?"

"हो. सांगायचो."

"मग काय, संत्री पिकायची थांबली?"

त्याला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं. दोघं आत आली. तिने त्याच्यापुढे मुळ्याचं गरम सूप ठेवलं, भात ठेवला, आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. तो घास घेईना.

"अक्का, आज शेवटचा दिवस आहे. तू बांधाबांध का नाही केलीस? मी सांगितलं होतं, या खेपेला नक्की."

"पहिल्या वर्षीही सांगितलं होतंस."

"तेव्हा बर्फ पडला."

"पडला," गिसून म्हणाली. तिने एक सोयाबीन बोटांत धरून फिरवलं आणि बोलायला लागली. आवाज चढवला नाही, आणि मध्येच थांबलीही नाही. "पहिल्या वर्षी मी सगळं बांधलं. गोधड्या, मडकी, तांदूळ. तू म्हणालास शेवटच्या दिवशी येतो. मी त्याच्या आदल्या दिवसापासून कोट घालून सामानावर बसले होते. चूलही पेटवली नाही, म्हटलं निघायचंच आहे तर राख कशाला. सकाळी तुझा फोन आला, रस्ता बंद. म्हटलं, बरं. पण मी तशीच बसून राहिले, कारण म्हटलं ऊन पडलं तर तू दुपारून येशीलही. तीन वाजता बस आली. चाकांना साखळ्या लावून, खडखड करत. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, आजी, कुठे निघालात? मी म्हटलं, भाऊ येतोय. तो म्हणाला, रस्ता चांगला आहे, येईल."

ब्योंगसिकने चमचा खाली ठेवला.

"दुसऱ्या वर्षीही बांधलं. त्या वर्षीही बस आली. टपालवाला आला, गॅसवाला आला, सगळे आले. तिसऱ्या वर्षी मी बांधलं, पण दोऱ्या नाही आवळल्या. त्यानंतर मात्र बांधलं नाही. शेवटच्या दिवशी नुसती दारात उभी राहून बस येते का बघायची. आली, की कळायचं."

"काय कळायचं?"

"की ज्याला यायचंय तो येतो." तिने सोयाबीन टोपलीत टाकलं. "टायर घालायचे की नाही हे तुझं तू ठरवायचंस, मी कशाला बोलू? मी दरवर्षी हो म्हणायची, तू दरवर्षी बर्फ सांगायचास. दोघांचंही भागत होतं."

चुलीत लाकूड तडतडलं. ब्योंगसिकला म्हणता आलं असतं की धंद्याचे दिवस होते, की पोलीस सोडत नव्हते, की टायरचं रबर खरोखरच झिजतं. सगळं खरंच होतं. सकाळी अंगणात हात फोनकडे गेला होता, तेही खरं होतं, आणि आता ते गिळून टाकणं त्याला जमेना.

"अक्का, आज सकाळी डोंगर पांढरा दिसला आणि मला बरं वाटलं," तो म्हणाला. "दरवर्षी वाटायचं. ओक्सन बिचारी दरवर्षी भिंतींना कागद लावायची, आणि मला वाटायचं, पडू दे बर्फ. तू मला पाठीवर वागवलंस. तुला म्हातारी होताना मला रोज समोर बघायचं नव्हतं. तुला उठवावं लागेल, तुला धुवावं लागेल, हे मला नको होतं. वर आहेस तोवर फोनवर तुझा आवाज तसाच यायचा, पूर्वीसारखा. मला तेवढंच पुरत होतं. मी चोर आहे, अक्का."

बोलता बोलता तो रडायला लागला. सहासष्ट वर्षांचा माणूस, तोंडावर हात न घेता रडत होता. गिसूनने त्याला जवळ घेतलं नाही, की उगी म्हटलं नाही. तिने त्याच्यासमोरचं गार झालेलं सूप उचललं, परत भांड्यात ओतलं, गरम केलं आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "आणि खाऊन निघ. पाचनंतर अंधारून येतं. उतार आहे."

"तू येणार नाहीस?"

"एका दिवसात घर बांधून होतं का? आणि एका हाताने? देव उद्या उतरतील. मला आता इथली सवय आहे, ब्योंगसिका. वाट बघायची होती तेव्हा अवघड होतं. ती सोडली, मग सोपं झालं." आणि मग, जरा थांबून, "तू चोर नाहीस. भित्रा आहेस. लहानपणीही होतास."

त्याने तिला खूप विनवलं. ओक्सनने भिंतींना नवा कागद कसा लावला आहे ते सांगितलं, चुलीला नवी कड लावली आहे ते सांगितलं. डॉक्टरने विचारलेलं आठवतं का, असंही विचारलं. गिसून ऐकत राहिली आणि नाही म्हणत राहिली. शेवटी दोन वाजता तो उठला. बूट घातले, अंगणात आला, ट्रकमध्ये बसला आणि वळवायला म्हणून मागे घेतला. फाटकाच्या आधी थोडासा उतार होता. तिथे ब्रेकला पाय लागताच ट्रकचं बूड सुळकन बाजूला गेलं, आणि भिंतीला टेकून थांबलं.

तो खाली उतरला. मागे पाहिलं तर वाळूच्या सहा पोत्यांपैकी दोन वाटेत कुठे तरी फाटली होती, आणि वाळू फटींतून गळून गेली होती. रिकाम्या फळ्यांवर चार पोती पडली होती. चढताना ती पुरली होती. सोळा किलोमीटरचा उतार त्यांच्यावर उतरायचा म्हणजे पहिल्याच वळणाला दरीत. कोपऱ्यावरच्या शेताची भिंत काळ्या दगडांची होती, आणि या दिवसांत भिंतीला हात लावला तर कुणी रागवत नाही. ब्योंगसिकने बर्फ झटकून एक दगड उचलला, छातीशी धरून नेला आणि ट्रकमध्ये ठेवला. मग दुसरा. तिसऱ्या दगडाला त्याची कंबर धरली. तो वाकून तसाच उभा राहिला, आणि मग चौथ्याकडे वळला.

गिसून दारात येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने ट्रककडे पाहिलं, भिंतीला टेकलेलं त्याचं बूड पाहिलं, बर्फातून घसटत गेलेला तो आडवा पट्टा पाहिला.

"काय करतोयस?"

"मागे वजन हवं. नाहीतर घसरतो."

"टायर घातलेत ना?"

"टायर असले तरी लागतं. रिकामा ट्रक उतरत नाही." त्याने दगडाखाली बोटं घातली.

तो दगड उचलून चार पावलं गेला, तेव्हा मागून तिचा आवाज आला. त्या आवाजात चीड होती, लहानपणी तो शेतात चुकीच्या ओळीत मुळे लावायचा तेव्हा असायची तशीच.

"अरे, घरात एवढं सामान असताना दगड कशाला भरतोस?"

ब्योंगसिक दगड छातीशी धरून उभा राहिला. तिच्याकडे वळून बघायची त्याची छाती होईना.

"ठेव तो खाली," गिसून म्हणाली. "तांदळाची कोठी आधी घे. ती भरलेली आहे. मग जातं. मग मडकी, पण गोधड्यांत गुंडाळून. खाली माझा भाऊ दरीत पडायला नको, म्हणून देतेय. बाकी काही समजू नकोस."

त्याने काही समजून घेतलं नाही. त्याने कोठी आणली, जातं आणलं, लोणच्याची तीन मडकी आणली, कपाट सुटं करून दोन खेपांत ओढत आणलं. चाळीस वर्षं लोकांची बिऱ्हाडं हलवलेल्या माणसाला दोन तास पुष्कळ होतात. गिसून दारात उभी राहून काय कुठे ठेवायचं ते एका हाताने दाखवत होती, आणि त्याने जातं कडेला ठेवलं तेव्हा "मधे, मधे, चाकांच्या बरोबर वर!" म्हणून ओरडली. कोठी ट्रकमध्ये चढली तेव्हा तिने आत जाऊन चुलीतली लाकडं ओढून काढली आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. वाफ दारातून बाहेर आली. त्या घरात आता ती रात्री राहू शकत नव्हती, हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघांपैकी कुणीही ते बोललं नाही.

शेवटी तो एकदा सगळं बघायला आत गेला. कपाट हलवलेल्या जागी, भिंतीच्या कोपऱ्यात, एक गाठोडं राहिलं होतं. पांढऱ्या कापडाचं, वर बोटभर धूळ, आणि त्याला आडवी उभी दोरी आवळलेली. गाठ गिसूनची होती. अशी गाठ ती दोन्ही हात धड असतानाच मारू शकत होती.

तो ते घेऊन बाहेर आला. "अक्का, हे काय? हे तर बांधलेलंच आहे."

"ते पहिल्या वर्षीचं."

"बाकी सगळं सोडलंस, हे का नाही सोडलंस?"

"त्यात माझे जाण्याचे कपडे आहेत, नेसवून न्यायचे. ते काय रोज लागतात, सोडायला?" गिसूनने हात पुढे केला. "आण इकडे. तुझ्याकडे मरायचं म्हणून सगळ्यात आधी तेच बांधलं होतं."

ब्योंगसिकने गाठोड्यावरची धूळ बाहीने पुसली. ट्रकच्या मागे ठेवायला तो वळला, पण गाठोड्याला वजन असं काहीच नव्हतं.

"मागे नको," ती म्हणाली. ती पुढच्या सीटवर चढून बसली, आणि त्याने ते गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने चांगला हात त्यावर ठेवला आणि समोर पांढऱ्या रस्त्याकडे पाहत म्हणाली, "चल. हळू घे."